जुन्या डायनाला कुठली डबी? फिनाले मॅच ४.४९, ४.५० आणि ४.५१

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. माझ्या जुन्या डायना ६५ एअर रायफलला एच अँड एन कंपनीच्या फिनाले मॅच पेलेट्सची, म्हणजे शिशाच्या छर्ऱ्यांची, ४.५१ मिलिमीटर मापाची डबी बसली. ४.५० चालते. ४.४९ ची उरलेली पेलेट्स क्लबातल्या मुलांना देऊन टाकली, त्यांच्या नव्या रायफलींना ती छान जातात. तुम्हालाही ४.५१ च लागेल असं समजून लगेच ऑर्डर मात्र देऊ नका. का देऊ नका, ते सांगायलाच लिहायला बसलेय.

माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत, एका कारखान्याच्या स्टँडर्ड रूममध्ये झाली. वीस अंशांवर धरलेल्या बंद खोलीत बसून दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि परत पाठवायच्या. लोकप्रिय व्हायचं काम नव्हे. 'मॅडम, डोळ्याला तर बरोबर दिसतंय' हे वाक्य ऐकलं की अजून डोकं फिरतं. नेमबाजीशी संबंध आला तो लेकीमुळे. २००८ साली ऑगस्टमध्ये अभिनव बिंद्राने बीजिंगला दहा मीटर एअर रायफलचं सुवर्ण आणलं आणि ऑक्टोबरमध्ये कॉमनवेल्थ युवा स्पर्धा आपल्या पुण्यातच झाली. त्या हवेत आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जायला लागली. बाकीची दिवाळीपर्यंत गळली, आमची टिकली. पुढे नोकरीसाठी ती बंगळूरला गेली आणि तिने क्लबातल्या एका जुन्या नेमबाज काकांकडून हौसेने घेतलेली डायना घरी राहिली. पडून होती, म्हणून मी उचलली.

डायना ६५ म्हणजे जत्रेत फुगे फोडायची डायना नव्हे, हे आधी सांगून टाकते, कारण नाव घेतलं की प्रत्येकजण तेच विचारतो. जर्मनीतल्या राश्टाटची ही कंपनी. ६५ हे त्यांचं स्पर्धेचं मॉडेल, नळी खाली मोडून कॉक करायचं, म्हणजे स्प्रिंग ताणायची, पण आत एकाऐवजी दोन पिस्टन. ते एकाच वेळी विरुद्ध दिशांना धावतात आणि एकमेकांचा धक्का खाऊन टाकतात. खांद्याला झटका जवळपास शून्य. गिस नावाच्या इंजिनिअरची ही युक्ती. आज स्पर्धेत सगळ्यांकडे दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाल्या रायफली असतात, त्यामुळे ही आता म्हातारी झाली, पण म्हातारपणीही हात थरथरत नाही तिचा. दुरुस्ती मात्र अवघड. दोन्ही पिस्टनचा मेळ बसवायला लागतो आणि ते जमणारे कारागीर शोधावे लागतात. आमच्या रायफलचे सील बदलून झालेत, स्प्रिंग ठीक आहे. परवान्याचं विचारणाऱ्यांसाठी: ०.१७७ इंच, म्हणजेच ४.५ मिलिमीटर कॅलिबरची आणि तोंडाशी २० जूलच्या आतल्या ऊर्जेची एअर रायफल आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याशिवाय ठेवता येते. ही त्याच्या कितीतरी खाली आहे. नळीवर पंचकोनातला एफ आहे, म्हणजे जर्मनीतली साडेसात जूलची मर्यादा. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटचा हिशेब केलात तर वेग सेकंदाला साधारण १६८ मीटर.

आता डबीवरच्या आकड्याकडे येऊ. कॅलिबर सगळ्यांचं ४.५ मिलिमीटर. मग ४.४९, ४.५०, ४.५१ हे काय प्रकरण? हा पेलेटच्या डोक्याचा व्यास. पेलेट डमरूसारखा असतो: पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. डोकं नळीतल्या कंगोऱ्यांवर (पिळदार खाचांमधल्या उंचवट्यांवर) टेकून चालतं आणि पेलेटला मधोमध धरतं. घेर मुळात डोक्यापेक्षा मोठा असतो. मागून हवेचा दाब आला की तो फुलून खाचांमध्ये बसतो आणि हवा अडवतो. दोघांची कामं वेगळी. डोकं लहान पडलं तर घेर हवा अडवेल, पण पेलेट नळीत तिरका चालेल आणि तोंडातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात पडेल. डोकं मोठं झालं तर ते घासतं, जास्त जोर खातं आणि अंगठ्याने बसवतानाच वाकडं बसण्याची भीती असते.

स्प्रिंगच्या रायफलीत आणखी एक भानगड आहे. पेलेटने किती अडवून धरलं यावर पिस्टन शेवटी कसा थांबतो ते ठरतं. ढिला पेलेट लवकर सुटला तर पिस्टनसमोर हवेची गादीच राहत नाही आणि तो जाऊन आपटतो. पेलेट न भरता कधी स्प्रिंगची रायफल उडवू नये म्हणतात, ते याचसाठी. ढिला पेलेट म्हणजे त्याच पापाची धाकटी बहीण. माझ्या डायनात ४.४९ भरलं की शॉटचा आवाजच बदलतो, थोडा कोरडा, धातूवर धातू आल्यासारखा. ४.५१ ला तोच आवाज भरीव येतो. कानाला कळतं, कागद बघायच्या आधी.

हे खूळ फक्त एअर रायफलवाल्यांचं नाही. खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ सालची, आणि खडकीच्या बाजूला वाढलेल्या माझ्यासारख्यांना थ्री नॉट थ्री या जुन्या लष्करी रायफलीचं नाव घरच्यासारखं. पण ०.३०३ इंच हा आकडा नळीतल्या कंगोऱ्यांमधल्या अंतराचा. खाचा त्याहून खोल, म्हणून तिच्या गोळीचा व्यास ०.३११ ते ०.३१२ च्या आसपास. त्यातही युद्धाच्या घाईत बनलेल्या आणि वापरून झिजलेल्या नळ्यांच्या मापांत इतका फरक असतो की परदेशातले जुन्या ली-एनफिल्डचे (म्हणजे याच थ्री नॉट थ्रीचे) शौकीन आधी मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून बाहेर काढतात, त्यावर उमटलेलं माप घेतात आणि मगच गोळी निवडतात. नावातल्या आकड्यावर कुणी जात नाही. मी केलं ते तेच, फक्त फार सौम्यपणे आणि दारूशिवाय.

नळी मोडणारी रायफल असल्याने हे काम सोपं. रायफल कॉक न करता नळी खाली मोडायची, कुणाला तरी ती घट्ट धरून ठेवायला सांगायचं, तोंडाखाली टॉवेल, मागून पेलेट अंगठ्याने बसवायचं आणि प्लॅस्टिकचं कोटिंग असलेल्या काठीने हळूहळू ढकलत न्यायचं. हातोडी नाही, ठोकाठोकी नाही. इथे घाई करणाऱ्याने हे करूच नये, कारण खरी माहिती पेलेट बाहेर पडल्यावर मिळते त्याहून जास्त ढकलताना हाताला मिळते. आमच्या नळीत सुरुवातीला थोडा विरोध लागतो, मग मधला मोठा भाग सैल, जवळजवळ स्वतःहून घसरल्यासारखा, आणि तोंडाच्या अलीकडे बोटभर अंतरात पुन्हा घट्ट. ४.४९ ला मधल्या भागात काठीचं वजनच पुरलं. ४.५१ ला शेवटपर्यंत एकसारखा, न अडखळणारा विरोध होता. मोजमापाच्या लोकांना ही भावना ओळखीची आहे. प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा अचूक दंडगोल) भोकात जाताना जो 'हं, आता बरोबर' असा विरोध लागतो, अगदी तोच.

बाहेर पडलेला पेलेट भिंगाखाली धरला. ४.४९ च्या डोक्यावर कंगोऱ्यांच्या खुणा एका बाजूला स्पष्ट, दुसऱ्या बाजूला नुसत्या चाटून गेलेल्या. म्हणजे तिरका चालला होता. ४.५१ च्या डोक्यावर खुणा सगळीकडून सारख्या, बारीक आणि उथळ. घेरावर मात्र तिन्हींच्या खुणा खोल आणि छान. म्हणूनच नुसता घेर बघून 'पेलेट घट्ट बसतंय की' म्हणणारे फसतात. अंगठ्याला जे घट्ट लागतं ते घेर असतं, डोकं नाही.

पेलेट मायक्रोमीटरने मोजायचा मोह होईल. टाळा. शिसं मऊ असतं, रॅचेट फिरवलात तरी जबडा त्यात रुततो आणि दहा मायक्रॉनचा, म्हणजे ०.०१ मिलिमीटरचा, फरक शोधायला निघालेला माणूस स्वतःच दहा मायक्रॉन खाऊन बसतो. अमेरिकेत यासाठी भोकांची पट्टी विकत मिळते. मी ती मागवली नाही. भोसरीत वायरकट मशीन (तारेच्या ठिणगीने धातू कापणारं) असलेला एक ओळखीचा मुलगा आहे, त्याच्याकडून जाड स्टीलच्या पट्टीत ४.४८ पासून ४.५३ पर्यंत भोकं कापून घेतली. तो म्हणाला, 'मॅडम, रिटायर झालात तरी सोडत नाही तुम्ही.' भोकं पिन गेज घालून तपासली, एक भोक दोन-तीन मायक्रॉन मोठं निघालं, ते दुसऱ्यांदा करून दिलं बिचाऱ्याने. पट्टी आडवी धरायची, पेलेट डोकं खाली करून भोकात सोडायचा. डोकं उतरलं की घेरावर अडकून लटकतो. न उतरणारं शेवटचं भोक आणि उतरणारं पुढचं भोक, यांच्या मध्ये त्याचं माप. साधं गो-नो-गो, जातं की नाही एवढंच बघायचं.

आणि इथे फिनाले मॅचचं खरं कौतुक. पाचशेची डबी असते. तिन्ही डब्यांतून मूठमूठ पेलेट्स काढून पट्टीत सोडली, तेव्हा बहुतेक पेलेट्स डबीवर लिहिलेल्या मापालाच उतरली आणि जी चुकली ती एका पायरीच्या आतच. शिशाची, चेपून बनवलेली, हजारोंनी निघणारी वस्तू, तिला ही सातत्यता मी सहजासहजी देणार नाही, पण द्यावी लागतेय. घेराच्या कडा स्वच्छ, आत शिशाचा भुगा नाही, डोक्याची पुढची बाजू सपाट आणि धार पूर्ण. कंपनी जर्मनीतल्या हान म्युंडेनची, १८२५ सालापासूनची. दोनशे वर्षं शिसं हाताळणाऱ्यांना ते जमायलाच हवं म्हणा.

तुलनेला एका दुकानातून सुटी, प्लॅस्टिकच्या पिशवीतली पेलेट्सही घेतली होती. दुकानाचं नाव लिहीत नाही. पिशवीवर हेड साइज नाहीच. दुकानदारांना विचारलं तर म्हणाले, 'ताई, पॉइंट वन सेव्हन सेव्हन म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, त्यात काय साइज?' पट्टीवर सोडली तर काही ४.४८ च्या भोकातून सरळ उतरली आणि काही ४.५३ लाही अडकली. एकाच पिशवीत. अशा पेलेट्सनी ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या शॉटचा पुंजका) पसरला तर नेमबाजाने आपल्या श्वासाला, जॅकेटला, नशिबाला दोष देत बसायचं. डबा-बाटली उडवायला, पोरांना हात बसवायला ती चालतील. कागदावर नको.

कागदावरची परीक्षा रेंजवर घेतली, दहा मीटरवर, बसून, पुढचा हात वाळूच्या पिशवीवर टेकवून. उभं राहून घेतली असती तर पेलेटची नाही, माझ्या गुडघ्यांची परीक्षा झाली असती. पेलेट बदललं की पहिले दहा-पंधरा शॉट धरायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय व्हावी लागते. मग पाच-पाचचे ग्रुप. अंदाज यावा म्हणून सांगते: एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं, आणि पेलेटचं भोक स्वतःच साडेचारचं. म्हणजे पाचही शॉट एकावर एक पडले तरी भोक साडेचारच्या खाली जात नाही. माझे ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजले. ४.४९ चे साधारण नऊ-दहा मिलिमीटर, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा शॉट कारण नसताना वर उडालेला. ४.५० चे साडेसात ते आठ. ४.५१ चे सहा-साडेसहा, बहुतेक ग्रुप म्हणजे एकच जरासं कुरतडलेलं भोक. उडणारा शॉट गायबच झाला. मला सरासरीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ग्रुप मोठा असला तरी सराव करता येतो, पण अधूनमधून उगाच उडणारा शॉट नेमबाजाचा स्वतःवरचा विश्वास खातो.

शेजारच्या लेनवरचा मुलगा माझा उद्योग बघत होता. 'काकू, फोर फिफ्टी घ्या ना, सगळे तेच वापरतात.' त्याची रायफल नवी, नळी नवी, आणि त्याच्या बाबतीत तो बरोबरही होता. त्याच्या रायफलीतून माझी तिन्ही मापं उडवून बघितली, त्याच्या ग्रुपमध्ये मला काही सांगण्यासारखा फरक दिसला नाही. चांगली नवी नळी थोडं इकडेतिकडे पोटात घालते. झिजलेली, मध्ये सैल झालेली जुनी नळी घालत नाही. तेव्हा ज्याच्याकडे नवी मॅच रायफल आहे आणि जो उभं राहून अजून नऊ-आठ मारतो, त्याने मापांच्या मागे पैसे घालू नयेत. सर ओरडतात तेच करावं: होल्डिंग, ड्राय प्रॅक्टिस (पेलेट न उडवता नुसता नेमाचा सराव), झोप.

४.५२ चं काय, असं कुणी विचारेल. ते मी चेक बनावटीच्या जेएसबी एक्झॅक्टमध्ये बघितलं. पेलेट सुंदर, माप एकसारखं, ग्रुप ४.५१ च्या जवळपास. पण त्याचं डोकं घुमटासारखं गोल आहे आणि वजन ०.५४७ ग्रॅम. गोल डोकं कागद कापत नाही, फाडतं, भोकाची कड धूसर येते आणि गुण मोजताना वाद होतात. स्पर्धेच्या कागदाला सपाट डोक्याचंच पेलेट हवं. लांबून पत्र्याच्या टार्गेटवर मारणाऱ्यांनी जेएसबी जरूर बघावं. आणि बसवताना ४.५२ ला अंगठ्याचा जास्त जोर लागतो, साठ शॉटनंतर अंगठा बोलायला लागतो.

तक्रारी आहेत. पहिली किमतीची: सुट्या देशी पेलेट्सच्या तुलनेत डबी बरीच महाग पडते, आणि तीन मापं तपासायची तर तीन डब्या. वेगवेगळ्या मापांची थोडीथोडी पेलेट्स असलेला सॅम्पलर परदेशात मिळतो, मला तो पुण्यात कुठल्या दुकानात दिसला नाही. त्यावर उपाय क्लबचा. तिघा-चौघांनी मिळून एकेक माप मागवायचं आणि चिमूटभर वाटून घ्यायचं. आम्ही तेच करतो. दुसरी, दुकानात माप निवडायला मिळेलच असं नाही. 'फिनाले मॅच आहे' एवढंच उत्तर येतं, मग फोनवर डबीच्या मागचा स्टिकर वाचून घ्यायला लावायचं. मराठीत गोड बोलून, दोनदा. तिसरी, माझी एक डबी कुरिअरने आली ती कोपऱ्यात चेपलेली, आणि वरच्या थरातल्या पेलेट्सचे घेर अंडाकृती झाले होते. ती बाजूला काढली. घेर चेपलेलं पेलेट कितीही नामांकित असो, ते देशी पिशवीतल्याइतकंच. डबी प्रत्यक्ष जाऊन आणता आली तर उत्तम.

हाताळणीचं थोडं. पेलेट्स तोंडात धरायची सवय काही जुन्या नेमबाजांना असते. शिसं आहे ते, अजिबात नको. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाच्या कपालाही हात लावायचा नाही. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवते, नाहीतर शिशावर पांढरी पूड चढते आणि मग तुमचं ४.५१ हे ४.५१ राहत नाही.

जुनी डायना, जुनी वॉल्थर, जुनी फाइनवेर्कबाऊ, किंवा वडिलांच्या कपाटातली कुठलीही बरी नळी असलेली एअर रायफल तुमच्याकडे असेल तर ४.५० पासून सुरुवात करा, दोन्ही बाजूंना एकेक पायरी बघा. ढकलून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका. माझ्याकडून ४.५१ ला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण किमतीचा कापला. एकदा माप ठरलं की डबीवरचा लॉट क्रमांक लिहून ठेवा आणि पुढची खरेदी जमलं तर त्याच लॉटची करा. वेगळा लॉट आला तर नव्या डबीतली थोडी पेलेट्स आधी पट्टीत सोडून बघायची. माझी पट्टी क्लबातल्या कपाटात दुसऱ्या खणात असते, वापरा, पण पुसून आणि तेलाचं बोट फिरवून परत ठेवा.